उष्टावलेला चीक

दारात उभं राहून कुणी पाणी मागितलं, तर डोणगावात त्याला पाणी मिळतंच. त्यात काही विशेष नाही. विशेष हे, की मंजुश्रीने तांब्या भरून आणला आणि त्या माणसाच्या हातात न देता चार हात अलीकडे फरशीवर ठेवला. ठेवला आणि झटकन मागे सरकली.

तो तिथेच थबकला. एप्रिलचं ऊन, मोटारसायकलची निसटलेली चेन, ग्रीसने काळे झालेले हात, कोरडा घसा… तरी त्याने तांब्याला हात लावला नाही. त्याची नजर आधी तांब्यावर गेली, मग तिच्यावर, मग तिच्या पाठीमागच्या भिंतीवर. आणि तिथे मात्र तो चांगलाच गोंधळला.

"घरात फोटो तं बाबासाहेबाचा आहे," तो सावकाश म्हणाला, "आन् पाणी दुरून?"

मंजुश्रीची कानशिलं तापली. बाई गं… हा माणूस काय समजला!

"अवो, तसं नाही! आपण एकाच घरचे. जयभीम."

"जयभीम. मंग?"

"माझा हात लागला की… चांगलं होत नाही. म्हणून दुरून."

आमच्याकडचा कुत्रा चावतो, असं सांगावं इतक्या साधेपणाने तिने ते सांगितलं. दुसरा कुणी असता तर हसला असता. हा हसला नाही. त्याने तांब्या उचलला, एका दमात रिकामा केला आणि क्षणभर डोळे मिटून उभा राहिला, जणू पोटात काय होतंय त्याचा अंदाज घेतोय.

"अजून उभाच आहो," तो म्हणाला. "पाहा बरं, कुठून कमी झालो का?"

तेरा महिन्यांत पहिल्यांदा मंजुश्रीला हसू आलं. तिने ते ओढणीत लपवलं, पण त्याने पाहायचं ते पाहिलं होतं.

त्याचं नाव प्रसेनजित. गाव वरवट बकाल, आणि गेल्या जूनपासून इथल्या ज्युनिअर कॉलेजात तो जीवशास्त्र शिकवत होता. हे त्याने सांगायची गरज नव्हती. नव्या मास्तरांची कुंडली गावाला त्यांच्या आधी पाठ होते.

"मंजे, चीक खाली लागन ना वं!" मागच्या शेडमधून आत्याने हाक मारली. मंजुश्री धावली. हात धुवायला अंगणातल्या नळाशी गेलेल्या प्रसेनजितला शेडमधलं सगळं दिसत होतं.

केसरबाई म्हणजे मंजुश्रीची आत्या. मंजुश्रीची आई गेल्यावर तिनेच पोरीला वाढवलं. उन्हाळ्यात ती शालूबाईला हाताशी घेऊन लग्नाघरच्या कुरडया करून द्यायची. गहू तीन दिवस भिजवायचा, वाटून गाळायचा, खाली बसलेला पांढराशुभ्र चीक शिजवून घट्ट करायचा आणि सोऱ्यातून उन्हात पाडायचा. वर्षानुवर्षांचं काम, त्यात चुकायला जागा नव्हती.

पण यंदा चुकत होतं. शालूबाईने शिजवला की चीक घट्ट. मंजुश्रीने त्याच गव्हाचा, त्याच गंजात, म्हणजे पातेल्यात, शिजवला की आधी जरा दाटायचा… आणि मग पाणी. आत्याने तीनदा ताडून पाहिलं. तिन्ही वेळा तेच. "आपण असं काही मानत नाही," आत्या म्हणाली आणि म्हणता म्हणता तिचा हात ताईत शोधावा तसा आपोआप गळ्याशी गेला. भूत हा शब्द कुणी उच्चारला नाही. उच्चारला असता तर निदान त्याच्याशी भांडता आलं असतं. न उच्चारलेला तो घरात मुक्कामालाच आला.

मंजुश्रीला मात्र कारण ठाऊक होतं. गेल्या वर्षी मार्चमध्ये, लग्न महिन्यावर आलेलं असताना, तिचा होणारा नवरा चंद्रशेखर सकाळी तिला भेटायला आला होता. निघताना तिने त्याचा हात हातात घेतला. पहिल्यांदाच. दुपारी अवकाळी पाऊस कोसळला आणि संध्याकाळी मेहकरच्या रस्त्यावर त्याची गाडी घसरली, तो जागीच गेला. तेव्हापासून तिने कुणाच्या हाताला हात लावला नव्हता.

तर त्या दुपारी तीनला, कडी न वाजता, सिंधूताई आत आल्या. चंद्रशेखरच्या आई. त्या रोजच यायच्या, पावलांचा आवाज नसायचा. आल्या की शेडमधल्या ओट्यावर बसायच्या आणि पापणी न हलवता गंजाकडे बघायच्या. तीनचा गंज मंजुश्रीनेच शिजवावा, असा त्यांचा हट्ट असायचा. मांडीवर स्टीलची वाटी, वाटीवर कोरलेलं चंद्रशेखरचं नाव.

सिंधूताई आल्या की बायकांचं बोलणं बंद व्हायचं. बाहेर ऊन पांढरं पडलेलं, झाडावर पाखरू नाही. मंजुश्री चाटू फिरवत होती. चीक दाटला, चकाकला, चाटवाला जड लागू लागला… आणि मग तिच्या हाताला ते जाणवलं. रोज जाणवायचं तेच. चाटू हलका झाला. पलीकडून कुणीतरी धरून उचलल्यासारखा. गंजात दाट असं काही उरलं नाही, नुसतं पांढुरकं पाणी गोल गोल फिरत राहिलं.

सिंधूताईंनी वाटी पुढे केली. मीठ अजून पडलं नव्हतं, गूळ तर दूरच. त्यांनी एक घोट घेतला आणि त्यांचा चेहरा निवला.

"गोड झाला," त्या म्हणाल्या. "आला होता तो. उष्टावून गेला."

नळाशी उभा प्रसेनजित पुढे आला. कुणाला न विचारता त्याने चाटवाच्या टोकाला बोट लावून जिभेवर ठेवलं. खरंच गोड. मंजुश्री त्याच्याकडे बघत होती, आणि तिला स्पष्ट दिसलं, की हा शिकला-सवरलेला माणूस दचकला.

दुसऱ्या दिवशी बरोबर त्याच दारासमोर त्याच्या गाडीची चेन पुन्हा पडली. तिसऱ्या दिवशीही पडली.

"सर, गावात दुसरा रस्ता नाही का?" मंजुश्रीने उंबऱ्यातून विचारलं.

"आहेत ना. पण या चेनले हाच पटला."

"मंग बदला तिले."

"चेनले? बदलतो. पण मंग पाणी कुठं मागू?"

शालूबाईला एकदम खोकला आला. मंजुश्री आत वळली खरी, पण वळताना केसांवरून हात फिरवला आणि फिरवल्याचा स्वतःलाच राग आला. कुणीतरी आवडायला लागलं होतं… आणि आवडणं म्हणजे तिला धोका वाटत होता, तिच्यासाठी नाही, त्याच्यासाठी. म्हणून पाण्याचा तांब्या रोज फरशीवरच राहिला. तो रोज वाकून उचलायचा आणि रोज सांगायचा, "उभाच आहो."

प्रसेनजित काही नुसता पाणी प्यायला येत नव्हता. शालूबाई कशी शिजवते ते तो बघायचा, मंजुश्री कशी शिजवते ते तर फारच बारकाईने बघायचा. एक दिवस त्याने कणगीतला मूठभर गहू मागून नेला, आणि त्यानंतरच्या रविवारी सकाळीच येऊन ते दाणे तिच्यासमोर कागदावर मांडले.

"याच्या टोकाले पाहा. काय दिसते?"

मंजुश्री वाकली. काही दाण्यांचं साल टोकाला फाटलं होतं आणि तिथे वाळलेला, केसाएवढा तंतू होता.

"मोड?"

"हाव. हा गहू ओंबीतच भिजला, उगवाले निघाला आन् परत वाळला. दाणा एकदा जागा झाला की त्याले खायाले लागते. आत सारं पिठूळ, ते जसंच्या तसं कोंबाले खाता येत नाही. मंग दाणा विकर, म्हणजे एन्झाइम, तयार करते. दहावीत होतं ना?"

"होतं. पाठ केलं, पेपर दिला, विसरली."

"माझ्या वर्गातले तं पेपरच्या आधीच विसरतात." तो हसला. "पीठ म्हणजे साखरेच्या मण्यांची लांब माळ समजा. ती आपोआप तुटायची वाट पाहत बसलं, तं जन्म जाईल. विकर तेच काम डोळ्यांदेखत करते. माळ बरोबर त्या जाग्यावर अशी धरते, की तुटाले जोरच लागत नाही. माळ तुटली की चीक पाणी, आन् सुटे झालेले मणी गोड."

"आन् विकर? ते सरून जाते?"

"नाही, गंमत तिथंच आहे. एक माळ तोडली की दुसरीकडे. स्वतः जसंच्या तसं. म्हणून पायलीभर गव्हात मूठभर असे दाणे असले, तरी अख्खा गंज पातळ होते."

मंजुश्रीने तो कागद स्वतःकडे ओढला, दाणे न्याहाळले. मग जे विचारायचं होतं ते विचारलं. "मंग शालूबाईच्या हातून काऊन नाही होत? गहू तं हाच."

"शालूबाई खदखदत्या पाण्यात चीक ओतते. उकळीत विकर मरते. तुम्ही गार पाण्यात कालवता आन् मंद जाळावर अर्धा घंटा हळूहळू तापवता."

"माय तशीच करे. गुठळ्या होत नाहीत."

"होत नाहीत, पण विकराले पाहिजे तेवढीच आच भेटते आन् पाहिजे तेवढा वेळ. हाताचं काही नाही, मंजुश्री. तुम्ही फक्त घाई करत नाही."

आणि मग त्याने बाह्या सारल्या. तिच्याच पद्धतीने, तिच्याच गंजात, मंद जाळावर स्वतः चीक शिजवला. आत्या आणि शालूबाई तोंडाला पदर लावून बघत होत्या. मंजुश्री भिंतीला टेकून, हात मागे बांधून उभी होती, चुकूनही गंजाला आपला वारा लागू नये म्हणून. चीक दाटला, चकाकला… आणि प्रसेनजितच्या हाताखाली त्याचं पाणी झालं.

मंजुश्री मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडली. तेरा महिने पाठीवर वाहिलेलं कुणीतरी उतरवून घेतलं होतं. आत्याही रडली, शालूबाईही रडली. चाटू हातात धरून प्रसेनजित मधोमध अवघडून उभा राहिला.

डोळे पुसून झाल्यावर मंजुश्रीने विचारलं, "हे विकर अजून कुठं असते, सर?"

तो जरा घुटमळला. "असते… खूप ठिकाणी."

"काही लपवून राह्यले तुम्ही. पहिल्या दिवशी चव घेतली तवा दचकले होते. मी पाह्यलं."

"तोंडात असते," तो अखेर म्हणाला. "लाळेत. तिथंही हेच काम करते."

"म्हणजे कुणी खरंच चीक उष्टावला, तं…"

"तं असाच होईल. पातळ आन् गोड."

चुलीतलं लाकूड तडकलं तेव्हा शालूबाई दचकून उठली.

"हा गहू कोणाच्या वावरातला आहे?" प्रसेनजितने हळूच विचारलं.

"चंदूच्या." मंजुश्रीने कागदावरचे दाणे गोळा केले. "त्यानं पेरलेला शेवटचा. लग्नाच्या कुरडया याच गव्हाच्या करू म्हणे. तो गेल्याले वर्ष झालं, पुण्यानुमोदनाचा विधी झाला, तवा सिंधूमायनं चार पोते पाठवले."

मार्चमधला पाऊस. ज्या पावसात रस्ता ओला झाला, त्याच पावसात उभ्या ओंबीतला दाणा जागा झाला होता. दोघांनाही ते एकाच वेळी उमगलं. भर सकाळी मंजुश्रीच्या अंगावर काटा आला, आणि प्रसेनजितचं विज्ञान त्यावर पांघरूण घालू शकलं नाही.

तो निघाला तेव्हा ती दारापर्यंत गेली.

"मले फिरवून बोलता येत नाही," तो म्हणाला. "मले तुम्ही आवडता. लग्न करसान माझ्यासंग?"

तिला हो म्हणायचं होतं. ओठांपर्यंत आलेलं. "चीक समजला, सर," ती म्हणाली. "चंदूचं काय? सकाळी मी त्याचा हात धरला होता."

"ते मले नाही माहीत. रस्ता ओला होता, एवढंच माहीत आहे. खोटं नाही सांगणार तुमाले."

तो खोटं बोलला असता तर तिला तो इतका आवडला नसता.

खरी अडचण पुढे होती. चीक उकळत्या पाण्यात टाकला की घट्ट होणार, मंजुश्रीच्या हातूनही. पण मग गोड होणार नव्हता. तीन वाजता वाटी घेऊन बसलेल्या बाईला काय सांगायचं? पोरगा एकदा गेलेला, त्याला दुसऱ्यांदा कसं मारायचं? आत्या रोज म्हणायची, "बस झालं, टाक उकळीत." मंजुश्री मान हलवायची आणि तीन वाजले की जाळ मंद करायची. असे आठ दिवस गेले. प्रसेनजितने घाई केली नाही. चेन मात्र नेमाने पडत होती.

नवव्या दिवशी सिंधूताईंनी रिकामी वाटी मांडीवर ठेवली आणि मंजुश्रीकडे पाहिलं. त्या कधी तिच्याकडे पाहत नसत, गंजाकडे पाहत.

"तो मास्तर येते म्हणे."

मंजुश्रीचा चाटू थांबला.

"लग्न नको करू बरं, पोरी." आवाज अगदी मऊ होता, अंगाई म्हणावी तसा. "तू दुसऱ्या घरी गेली, तं तो कोणाच्या हातचं खाईन? आपण दोघी राहू. तू शिजवत जाय, मी बसत जाईन. तो येत जाईन."

मंजुश्रीला पुढची सगळी वर्षं एकदम दिसली. तीन वाजलेले. मंद जाळ. ओट्यावर सिंधूमाय, मग एक दिवस सिंधूमाय नाही आणि ओट्यावर ती स्वतः, मांडीवर वाटी घेतलेली. तिला भीती वाटली. चंदूची भीती नव्हती ती. आपणच या घरातलं भूत होऊन बसू, याची होती.

दुसऱ्या दिवशी तिने चुलीत दोन लाकडं जास्त सारली. पाणी खदखदायला लागलं. प्रसेनजित दारात होता, आत्या सोऱ्या पुसत होती, सिंधूताई ओट्यावर. मंजुश्रीने एकदा डोळे मिटले आणि चीक धारेने उकळीत ओतला. चाटू फिरवायला दोन्ही हात लागले. चीक दाटला, चकाकला, जड झाला… आणि जडच राहिला. पलीकडून कुणी चाटू उचलला नाही. तिने मुद्दाम थोडं थांबून पाहिलं. कुणीही नाही.

तिने वाटीत गोळा घातला आणि सिंधूताईंसमोर गुडघ्यांवर बसली.

"आज नाही आला तो," सिंधूताई वाटीत बघत म्हणाल्या.

"माय, तो कधीच आला नव्हता. त्या पावसात गहू ओंबीत भिजला, त्याले मोड आले, म्हणून चीक पातळ होये. मी मंद जाळ ठेवे, म्हणून. मले आठ-दहा दिवसांपासून माहीत आहे. तुले सांगाची हिंमत नव्हती." तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "मले माफ कर. पण मी आता असं नाही शिजवणार."

सिंधूताईंनी घट्ट चिकाचा एक तुकडा तोडला, तोंडात ठेवला आणि डोळे मिटले. गिळला नाही. नुसता धरून ठेवला. आत्याचा हात गळ्याशी गेला. ऊन पत्र्यावर कडकड वाजत होतं. मिनिट झालं, दोन मिनिटं झाली… आणि सिंधूताईंनी डोळे उघडले.

"गोड लागून राह्यलं," त्या पुटपुटल्या.

शालूबाई उठून दोन पावलं मागे सरली.

"चीक तं घट्ट होता ना वं? मंग गोड कसा झाला?" सिंधूताईंनी विचारलं.

"ते तुमच्याच तोंडातलं आहे, माय." प्रसेनजित आत आला होता. ओट्याशी खाली बसून तो बोलत होता, वर्गात बोलतो तसा नाही, घरातल्या माणसाशी बोलावं तसा. "सगळ्यांच्याच तोंडात असते. तोंडात धरून ठेवलं की चीक पातळ करते, गोड करते. चंदूच्या तोंडात होतं, तेही तुमच्याच पोटातून गेलं होतं त्याच्याकडे. ते जेवढं त्याचं, तेवढंच तुमचं. तुमाले त्यासाठी इथं याची गरज नाही."

"माह्यातच होतं?"

"तुमच्यातच होतं."

सिंधूताईंनी तो घास गिळला. आणि मग पोरगा गेल्यापासून न रडलेली ती बाई रडायला लागली. आधी आवाजच फुटेना. फुटला तेव्हा शेजारच्या घरांतल्या बायका कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. आत्याने त्यांना छातीशी धरलं, पाठीवरून हात फिरवत राहिली. बऱ्याच वेळाने हुंदके ओसरले. त्यांनी पदराने तोंड पुसलं, उठल्या आणि आज पहिल्यांदाच पावलं वाजवत दाराशी जाऊन थांबल्या. बाहेर प्रसेनजितची गाडी उभी होती.

"ही तुही गाडी?"

"हो, माय."

"हळू चालवत जाय." त्या गाडीकडे बघत होत्या. "इले मांगं बसवशीन, तवा अजून हळू. आन् पाणी-पाऊस असला तं येऊच नको, कुठंबी थांब. उशीर झाला तरी चालते."

एवढं बोलून त्या निघून गेल्या. गल्लीच्या वळणापर्यंत त्यांच्या चपलांचा आवाज येत होता.

आत्याला एकाएकी शेडमध्ये फार काम आठवलं आणि शालूबाईलाही तिने ओढत नेलं. दारात दोघंच उरली. मंजुश्री प्रसेनजितच्या मनगटाकडे बघत होती. बराच वेळ बघत होती. मग, विहिरीत वाकून पाहावं इतक्या भीत भीत, तिने आपला तळवा त्याच्या मनगटावर ठेवला. आणि श्वास रोखून उभी राहिली.

"काय पाहून राह्यल्या?" त्याने हळूच विचारलं.

"काही होते का, ते."

"होऊन राह्यलं ना."

तिने घाबरून हात काढायला घेतला. त्याने त्यावर आपला दुसरा हात ठेवला.

"छातीत धडधडून राह्यलं," तो म्हणाला. "राहू द्या अजून जरा वेळ."

मंजुश्रीने राहू दिला.